कठीण शब्दाचा अर्थ : बेळगाव-निपाणी भागातील इंग्रजी शब्दशिक्षणाचा मागोवा

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बेळगावचे नाव अनेक निमित्तांनी येते. शिवराम महादेव परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली येथे साहित्य संमेलन भरले. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असता संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला, तोही याच नगरीत. इंदिरा संतांचे वास्तव्य येथले; पु. ल. देशपांडे यांनी काही काळ येथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले. थोडे मागे जाऊन एकोणिसाव्या शतकाकडे पाहिले, तर याच गावी १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींचे नाव पुढे येते आणि त्यासरशी १८५७ सालच्या 'यमुनापर्यटन' या कृतीची आठवण होते. विधवांच्या दुःस्थितीचे ते चित्रण मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी मानले जाते. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु पदमनजी कोशकारही होते, याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. वाङ्मयाच्या इतिहासकारांना कादंबरी दिसते, धर्मचर्चा दिसते. कोश हा मात्र नुसता उपयोगाचा ग्रंथ ठरतो आणि तळटीपेत जातो.

आम्हां शिक्षकांस तसे करून चालणार नाही. वर्गात रोज अनेकदा कानी पडणारा प्रश्न म्हणजे 'गुरुजी, या शब्दाचा अर्थ काय?' आणि या प्रश्नाला आमच्या भागात गेली पावणेदोनशे वर्षे जी उत्तरे दिली गेली, त्यांचा इतिहास हाच आमच्या भागातील इंग्रजी शिक्षणाचा खरा इतिहास होय. शाळांच्या स्थापनेच्या तारखा आणि परीक्षांचे निकाल ही त्याची बाहेरची बाजू. आतली बाजू अशी की, वरच्या पायरीचा इंग्रजी शब्द आपल्याकडे कधीही एकटा शिकला गेला नाही. तो नेहमी एखाद्या मराठी शब्दाचे बोट धरून आला. ते बोट जोवर बळकट होते तोवर इंग्रजी शब्द पोराच्या बुद्धीत टिकला. ते सुटू लागले तेव्हा इंग्रजीही जिभेवरच राहिली. हे विधान कोणास विपरीत वाटेल, म्हणून ते जरा विस्ताराने मांडतो.

परक्या शब्दापुढे आपला शब्द मांडण्याची विद्या आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे नाही. पाठशाळेतील बटू अमरकोश मुखोद्गत करीत असे. एका अर्थाचे दहा शब्द एका दमात म्हणणे ही त्याच्या शब्दशिक्षणाची रीत होती. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी रचलेला राज्यव्यवहारकोश तर शुद्ध द्विभाषी कोश आहे. कारभारात रुळलेल्या सुमारे चौदाशे फारसी-अरबी वगैरे शब्दांना संस्कृत पर्याय देताना त्यांनी ते अकारविल्हे न लावता विषयवार दहा वर्गांत लावले. राज्य बदलले की शब्द बदलतात, आणि बदललेला शब्द लोकांस समजावा म्हणून कोणास तरी बसून कोश करावा लागतो, ही जाणीव महाराष्ट्रात मोल्सवर्थच्या दीडशे वर्षे आधीची आहे.

तरीही मोल्सवर्थपाशी थांबणे अवश्य आहे. मुंबई लष्करातील हा अधिकारी, त्याचे सहकारी जॉर्ज आणि टॉमस कँडी हे बंधू, आणि त्यांच्याबरोबर बसलेले आमचे शास्त्रीमंडळ यांच्या श्रमांतून मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली बाहेर पडला. त्याआधी १८२९ साली जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकारी पंडितांनी केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' प्रसिद्ध झाला होता. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा, आणि मराठी-इंग्रजीची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. लोक कोशकर्त्यास 'मोलेसरशास्त्री' म्हणत, ते उगाच नव्हे. शब्दाचे मूळ संस्कृत की फारसी की अरबी, हे त्याने खुणेने दाखवले. आणि हात, डोळा, तोंड, पोट असल्या साध्या शब्दांखाली वाक्प्रचारांची जी रांग लावली, ती आजही वाचीत बसावी अशी आहे. १९७५ साली पुण्यात या कोशाचे पुनर्मुद्रण झाले आणि आता तर शिकागो विद्यापीठाने तो संगणकावर सर्वांस खुला केला आहे. ज्या शिक्षकाने तो अद्याप उघडला नसेल, त्याने 'डोळा' हा एकच शब्द काढून पाहावा.

या कोशांविषयी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. १८३१ चा कोश मुख्यत्वे साहेबासाठी होता. मराठी मुलखावर राज्य करणाऱ्याला रयतेचा अर्ज समजावा, साक्षीदाराची जबानी समजावी, मिशनऱ्याला लोकांशी बोलता यावे, हा त्याचा हेतू. आमच्या लोकांनी तो उलट्या बाजूने वापरला. साहेब मराठी शब्दावरून इंग्रजी अर्थाकडे जात असे. आमचा विद्यार्थी ओळखीच्या मराठी शब्दावरून अनोळखी इंग्रजी शब्दाकडे जाऊ लागला. कोशाचे पान एकच, वाट उलटी. आणि त्यामुळे त्या पिढीला मिळालेला लाभ मोठा होता. मराठी शब्दाच्या सर्व छटा तिच्या अंगी मुरलेल्या होत्या. त्या छटांपैकी कोणती कोणत्या इंग्रजी शब्दात उतरली आहे, एवढेच तिला पाहावयाचे होते. भाव ठाऊक, नाव तेवढे नवे.

आता बेळगावकडे वळू. १८१८ साली येथील किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, छावणी पडली, आणि १८३६ साली धारवाडापासून वेगळा काढून बेळगाव जिल्हा करण्यात आला. लंडन मिशनरी सोसायटीचे काम येथे १८२० सालीच सुरू झाले होते; रेव्हरंड जोसेफ टेलर हे बल्लारीहून, म्हणजे कानडी मुलखातून येथे आले. पुढे चौथ्या दशकात मिशनची इंग्रजी शाळा निघाली. सेंट पॉल शाळा १८५६ ची. अशा गावात इंग्रजी दोन वाटांनी येत होती. एक वाट कॅम्पातली, कानाची : तिने पलटण, कप्तान, लाटसाहेब असे शब्द दिले, आणि ते शिकण्यासाठी कोणास कोश लागला नाही. दुसरी वाट शाळेची, डोळ्यांची : तिच्यात 'कॉन्शन्स', 'प्रॉव्हिडन्स', 'रेव्हरन्स' असले शब्द होते. ते बाजारात ऐकू येत नव्हते, बोट दाखवून समजावता येत नव्हते. पलटण रस्त्यावरून जाताना दिसे. कॉन्शन्स कोठे दिसणार?

बाबा पदमनजी या दुसऱ्या वाटेचे विद्यार्थी. आरंभीची इंग्रजी बेळगावच्या मिशन शाळेत, पुढचे शिक्षण मुंबईत, परमहंस सभेशी संबंध, आणि १८५४ साली बेळगावातच ख्रिस्ती धर्माची दीक्षा, हा त्यांचा प्रवास त्यांनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात सांगितला आहे. त्यांच्या धर्मांतराविषयी येथे बोलण्याचे प्रयोजन नाही. आमच्या विषयाला लागू गोष्ट ही की, ज्या शब्दांनी त्यांचे आयुष्य उलथेपालथे केले ते शब्द प्रथम इंग्रजीत भेटले होते, आणि त्यांचा अर्थ मात्र त्यांना स्वतःशी मराठीतच लावावा लागला. अशा मनुष्याला प्रतिशब्दाची किंमत जशी कळते, तशी परीक्षेपुरती शब्दांची यादी पाठ करणाऱ्याला कळणे कठीण.

त्यांच्या कोशकार्याचा क्रम पाहावा. १८६० साली त्यांनी 'शब्दरत्नावली' हा मराठी समानार्थी शब्दांचा संग्रह केला. त्यानंतर १८६३ साली मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप केला, आणि इंग्रजी-मराठी कोशही रचला. क्रम योगायोगाने पडला असेल. आम्हांस तो अर्थपूर्ण वाटतो. आधी घरातली भांडी मोजून मांडली आणि मग पाहुण्याला वाढावयास घेतले. मोल्सवर्थचा मूळ कोश हा टेबलावर ठेवण्याचा प्रचंड ग्रंथ. तो कचेरीत शोभे, विद्यार्थ्याच्या दप्तरात मावणारा नव्हे. संक्षेप झाला तेव्हा कोश साहेबाच्या टेबलावरून खाली उतरून शाळेकडे निघाला. बेळगावच्या एका सुपुत्राने हे केले याचा आम्हांस अभिमान वाटतो, आणि त्याच्या नावाने येथे एखादी कोशविषयक व्याख्यानमाला असावी असेही वाटते. असो.

त्याच सुमारास परीक्षांचे युग सुरू झाले. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, त्याची पहिली मॅट्रिक १८५९ ची. वरच्या शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरली होतीच. त्याविषयीचा वाद बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये आधीच होऊन गेला होता : अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूला, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कॅप्टन जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूला. जर्व्हिससारख्या लष्करी इंजिनियराने गणिताचे ग्रंथ मराठीत आणण्याचे कष्ट घेतले, आणि शंकरशेटांसारख्या इंग्रजीच्या पुरस्कर्त्याने इंग्रजी हवी पण मराठीच्या जागी नको असे म्हणावे, यातच त्या पिढीची समज दिसते. पुढे विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा बाहेर गेल्या आणि त्या परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घ खटपट करावी लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमालेचा आरंभच मराठीच्या सांप्रतच्या स्थितीवरील निबंधाने केला, तोही याच काळात. ज्यांनी इंग्रजी पचवली होती तेच मराठीविषयी सर्वांत अस्वस्थ होते, हे विसरून चालणार नाही.

मॅट्रिकच्या मुलाला मात्र वादाशी कर्तव्य नव्हते. त्याला हवे होते पुस्तक, आणि ते त्याला तर्खडकरांनी दिले. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर मराठी मुलखाच्या किती पिढ्या पोसल्या याची गणती नाही. आमच्या भागातही जुन्या घरांच्या फडताळात तिची एखादी जीर्ण प्रत सापडतेच. हल्लीच्या शिक्षणशास्त्रात भाषांतरपद्धतीला जुनाट म्हणून बाजूला सारण्याची चाल आहे. आम्हांस ते पूर्णतः मान्य नाही. तर्खडकर शब्द एकटा देत नाहीत. तो वाक्यात बसवून घेतात, मराठी वाक्य इंग्रजीत आणि इंग्रजी मराठीत करावयास लावतात. कंटाळवाणे खरे, पण शब्दाला दोन्ही बाजूंनी घासून पाहण्याची सवय त्यातून लागे.

ऱ्हास सुरू झाला तो तर्खडकरांनंतरच्या मार्गदर्शकांनी. धड्याच्या शेवटी दोन रकाने : डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. एका शब्दाला एकच अर्थ, तोही बहुधा कोशातला पहिला. मुले त्याला 'वर्डमीनिंग' म्हणतात आणि दहा वेळा लिहितात. 'मॅग्नॅनिमिटी' समोर 'औदार्य' लिहिलेले असते. पूर्वी हे चाले, कारण औदार्य हा शब्द मुलाने कीर्तनात ऐकलेला असे, पोथीत वाचलेला असे. कर्ण म्हटले की औदार्य डोळ्यांपुढे उभे राही. आज आमच्या नववीच्या वर्गात औदार्य विचारले तर अर्ध्याहून अधिक मुले गप्प बसतात. म्हणजे त्यांना एका कठीण शब्दाचा अर्थ म्हणून दुसरा कठीण शब्द मिळाला. दोन ध्वनींची जोडी जमली, अर्थ कोठेच नाही. उत्तरपत्रिकेत गुण मात्र पूर्ण मिळतात, आणि म्हणून हे दुखणे निकालपत्रात दिसत नाही.

एका शब्दाला एक अर्थ ही कल्पना किती पोकळ आहे, हे पाहण्यासाठी 'सिव्हिल' हा शब्द घ्यावा. सिव्हिल कोर्ट म्हणजे दिवाणी न्यायालय. सिव्हिल अधिकारी म्हणजे मुलकी अधिकारी. सिव्हिल वर्तन म्हणजे सभ्य वर्तन. सिव्हिल वॉर म्हणजे यादवी. सिव्हिल इंजिनियर म्हणजे स्थापत्य अभियंता. आणि १९३० सालच्या लढ्याला आपण सविनय कायदेभंग म्हणतो. सहा ठिकाणी सहा मराठी शब्द, आणि प्रत्येकाच्या मागे निराळा इतिहास. दिवाणी हा मोगल अमदानीतील दिवाणाच्या कचेरीचा वारसा. मुलकी याची जोडी लष्करीशी. यादवी तर थेट मौसलपर्वातून आलेली : आपसांत लढून नष्ट झालेल्या यादवांचे नाव आपण त्या युद्धाला दिले. इंग्रजाने एका शब्दात जे गुंडाळले ते मराठीने सहा ठिकाणी उलगडून ठेवले आहे. हा शब्द या सहा शब्दांच्या वाटेने ज्याने शिकला त्याला पुढे 'सिव्हिक', 'सिव्हिलियन', 'सिव्हिलायझेशन' हे वेगळे शिकवावे लागत नाहीत. आणि बेळगावच्या मुलाला तर दाखला दारातच आहे. आमच्याकडे आजारी माणसाला 'सिव्हिलला नेले' म्हणतात. लष्कराचे रुग्णालय वेगळे, म्हणून नागरिकांचे ते सिव्हिल. छावणीच्या गावात या शब्दाचा अर्थ रस्त्यावर उभा आहे. आम्ही तो पुस्तकात शोधतो.

निपाणीकडे शब्दशिक्षणाची निराळीच शाळा होती, तिचाही येथे उल्लेख केला पाहिजे. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. १९४३ साली तंबाखूवर केंद्र सरकारची एक्साइज बसली आणि ज्या शेतकऱ्याने व हमालाने इंग्रजीचे एक अक्षर गिरवले नव्हते, त्याच्या तोंडी एक्साइज, परमिट, बाँड, इन्स्पेक्टर हे शब्द येऊन बसले. कर भरेपर्यंत माल सरकारी नियमात वखारीत ठेवावा लागे, म्हणून बाँड या शब्दाचा अर्थ त्या माणसाला जितका नेमका ठाऊक होता तितका कित्येक पदवीधरांस नसेल. अर्थ कळण्यासाठी त्याला किंमत मोजावी लागली होती, हे त्याचे कारण. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, ज्या गोडाऊनमध्ये हा माल पडे तो शब्द आपण इंग्रजी समजतो. तो मुळात मलाया व दक्षिण भारताच्या किनाऱ्यांवरून इंग्रजीत गेलेला आहे. 'मोंगूस' तर आपलेच मुंगूस. शब्दांची ये-जा एकेरी नसते हे मुलांना अशा उदाहरणांनी फार लवकर पटते.

परंतु आमच्या भागाचे खरे वैशिष्ट्य याहून वेगळे आहे, आणि त्याचा विचार पुण्या-मुंबईच्या शिक्षणशास्त्रज्ञांनी केलेला आम्हांस दिसला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, पुढील वर्षी त्याचा अहवाल आला. २००४ सालापासून वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ साली गावाचे अधिकृत नाव बेळगावी झाले. या वादाची बाजू मांडणे हा या लेखाचा विषय नाही. विषय हा की, येथील मराठी शाळेतला मुलगा मराठी, कानडी आणि इंग्रजी या तीन भाषांच्या मध्ये उभा आहे, आणि पुष्कळदा हिंदी चौथी. निपाणीच्या मुलांचे पाहा : गावाला लागून असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. मुलगा घरून निघतो एका राज्यात आणि तासाला बसतो दुसऱ्या राज्यात. शब्दांचेही तसेच होते.

'अपॉर्च्युनिटी' हा शब्द घ्या. मराठीचे शिक्षक सांगतात संधी. कानडीचे शिक्षक सांगतात अवकाश. कानडीत अवकाश म्हणजे संधी, आणि मराठीत अवकाश म्हणजे सवड किंवा पोकळी. 'इन्फरन्स' म्हणजे मराठीत अनुमान. कानडीत अनुमान म्हणजे शंका, संशय. कानडीत प्रपंच म्हणजे जग. आमच्या घरी प्रपंच म्हणजे बायकामुले आणि महिनाअखेर. उपन्यास म्हणजे हिंदीत कादंबरी आणि कानडीत व्याख्यान. कादंबरीला कादंबरी म्हणण्यात मराठी आणि कानडी मात्र एक आहेत. शिक्षा म्हणजे हिंदीत विद्या, आणि मराठी-कानडीत दंड. हे सर्व शब्द संस्कृत, एकाच आईची लेकरे, परंतु सासरी गेल्यावर प्रत्येकाचा स्वभाव बदलला. एका मुलाने उताऱ्यावरील प्रश्नात 'इन्फरन्स'चा अर्थ 'शंका' असा लिहिला, तेव्हा तपासणाऱ्या शिक्षकाने तो चुकीचा ठरवला. उत्तर चूक होते यात वाद नाही. परंतु ते अज्ञानातून आलेले नव्हते. त्या मुलाला अनुमान हा मराठी प्रतिशब्द ठाऊक होता, आणि त्याचा कानडी अर्थही ठाऊक होता. पुण्याच्या मुलाला जी चूक सुचणारही नाही, ती आमच्या मुलाने दोन भाषा जाणल्यामुळे केली.

कानडी कोशपरंपरेचा इतिहास येथे आमच्या इतिहासाला समांतर धावतो. बल्लारीच्या लंडन मिशनमधील विल्यम रीव्ह यांचे कानडी कोश मोल्सवर्थच्या आगेमागेच सिद्ध झाले. टेलर ज्या मिशनातून बेळगावी आले तेच हे मिशन. फर्डिनंड किटेल यांचा कानडी-इंग्रजी कोश १८९४ साली मंगळूरच्या बासेल मिशनने छापला आणि कानडीत त्याला आपल्याकडील मोल्सवर्थचे स्थान मिळाले. आमच्या भागातील शाळेच्या ग्रंथालयात हे दोन कोश शेजारी शेजारी असावयास हवेत. तूप, अडकित्ता, अण्णा हे शब्द ज्या भाषेने आम्हांस दिले तिचा कोश उघडण्यास आम्ही लाजतो, आणि अर्जी, कचेरी, राजीनामा हे शब्द ज्यांच्याही तोंडी आहेत ते आमचा कोश उघडीत नाहीत. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' करविला, त्यात एका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द मांडले आहेत. असा बहुभाषी शालेय कोश सर्वांत अधिक हवा तो सीमेवर, आणि तेथेच तो नाही.

विनायक कृष्ण गोकाक यांचे नाव आमच्या भागात भाषावादामुळे घेतले जाते. १९८० नंतरच्या त्यांच्या अहवालाने राज्यात कानडीचे स्थान पक्के केले आणि आमच्या मराठी शाळांपुढे प्रश्न उभे केले. परंतु हेच गोकाक इंग्रजीचे प्राध्यापक होते, सांगलीस आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात राहिलेले, आणि पुढे हैदराबादच्या मध्यवर्ती इंग्रजी संस्थेचे संचालक. कानडीतील थोर कवी आणि इंग्रजीचा अधिकारी अध्यापक एकाच देहात नांदला, यात आमच्या मुद्द्याला पुष्टीच मिळते. त्यांच्या सूत्राविषयी आमचे मत काहीही असो.

जगात इतरत्र शब्दशिक्षणाचा विचार विसाव्या शतकात निराळ्या दिशेने गेला. अमेरिकेत थॉर्नडाइकने १९२१ साली शब्द मोजून कोणते अधिक वापरले जातात याची यादी केली. ढाक्याच्या शिक्षक महाविद्यालयात काम केलेल्या मायकेल वेस्टने बंगाली मुलांकडे पाहून हाच विचार पुढे नेला. त्याने १९३५ सालच्या आपल्या कोशात सुमारे चोवीस हजार शब्दप्रयोगांचे अर्थ अवघ्या १४९० सोप्या शब्दांत सांगितले, आणि १९५३ साली नेहमीच्या सुमारे दोन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी दिली. कठीण शब्दाचा अर्थ सोप्या शब्दांत सांगावा, ही गोष्ट ऐकावयास सामान्य वाटते. आपल्या मार्गदर्शकांतील 'औदार्य' आठवले म्हणजे तिचे मोल कळते. मात्र वेस्टची यादी शब्दशिक्षणाचा पाया आहे, कळस नव्हे. दोन हजारांच्या पलीकडे जे शब्द लागतात, ज्यांत विचार करता येतो, न्याय मागता येतो, शास्त्र वाचता येते, ते मोजून शिकवता येत नाहीत. तेथे मुलाच्या अंगी आधीपासून असलेली दुसरी समृद्ध भाषा हाच आधार.

आणि तीच आता डळमळते आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही काळ इंग्रजी आठवीपासून शिकवीत. महाराष्ट्रात २००० साली आणि कर्नाटकात त्यानंतर काही वर्षांनी ती पहिलीपासून आली. इंग्रजी लवकर आली याचे आम्हांस दुःख नाही. दुःख याचे की, मराठी शाळेतील बाके रिकामी होत आहेत, आणि जो मुलगा इंग्रजी माध्यमात जातो त्याला कठीण शब्द कळण्यासाठी घरची भाषा पुरेशी उरत नाही, तर शाळेची भाषा पुरेशी आलेली नसते. भ्रमणध्वनीवर बोट ठेवताच अर्थ उमटतो हे खरे; उमटतो तो बहुधा एक शब्द, जुन्या मार्गदर्शकांच्या उजव्या रकान्यासारखाच. यंत्र बदलले, रकाने तेच राहिले. मोल्सवर्थच्या पानावर एका शब्दासाठी मुलाला आजूबाजूचे दहा शब्द दिसत. येथे ते दिसत नाहीत.

आमच्या शाळेत गेली काही वर्षे आठवी ते दहावीच्या मुलांकडून एक वही करून घेतली जाते. पान आडवे धरून चार रकाने : इंग्रजी, मराठी, कानडी, आणि चौथ्यात स्वतःचे एक वाक्य, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. आठवड्याला शब्द पाचच. मराठी रकान्यात कठीण शब्द लिहिला तर त्याखाली घरी आजीला विचारून आणलेला सोपा शब्द लिहावा लागतो. कानडीसाठी मुले शेजारच्या कानडी शाळेतील मुलांना विचारतात. तीही इकडे विचारावयास येतात. मागील वर्षी 'पॅट्रन' हा शब्द निघाला. मराठीत आश्रयदाता, कानडीत पोषक असे लिहून झाले. निपाणीहून येणाऱ्या एका मुलीने आजीला विचारून आश्रयदात्याखाली 'पाठीराखा' असा शब्द आणला होता. चौथ्या रकान्यात तिने वाक्य लिहिले, मराठीत, की तंबाखूचा भाव पडला तेव्हा आजोबांना कोणी पाठीराखा उरला नाही.